मागचं पायडल

"चढा," सेव्हरीन म्हणाली आणि तिने दोन्ही ब्रेक आवळून धरले.

लेओंसने आधी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग चाचपत मागच्या सीटवर, आणि पाय उचलून पलीकडे टाकला. जोडसायकल एका अंगाला कलली. सेव्हरीनने दोन्ही पाय जमिनीत रोवून ती सावरली. कंबरेतून नेहमीची कळ वर गेली. म्हातारा वाळला होता, पण हाडापेराने अजून दणकट होता. आयुष्यभर गुरांची धडं खांद्यावरून वाहिलेला माणूस. बूट पायडलमध्ये अडकल्याचे दोन आवाज आले.

"बसलो," तो म्हणाला. "हाकल."

"बैलगाडी आहे का ही?"

"बैलगाडी असती तर एव्हाना चौकात पोचलो असतो."

तिने ब्रेक सोडले. फाटकातून बाहेर पडताना हँडल थोडं थरथरलं, मग दोघांच्या पायांची लय जमली आणि चाकं सरळ धावू लागली. ऑक्टोबरचा रविवार होता. दरीत धुकं साचलेलं, वर मात्र आभाळ स्वच्छ. चौकात पाववाल्याच्या दारात चार माणसं उभी होती, त्यांनी हात केले. लेओंसला हात नीट दिसत नसत, पण पावाचा वास आला की तो आपणहून डावीकडे मान लववायचा. समोरच त्याचं मटणाचं दुकान होतं. दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी दारावरचं सोनेरी वासराचं मुंडकं कुणी काढलं नव्हतं.

लेओंसच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडले होते. कडेकडेचं दिसे, समोरचं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कुंपणं दिसत, रस्ता दिसत नसे. माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डोळे असे गेले तेव्हा त्याच्या मुलाने, रेजीने, कुणाची तरी वापरलेली जोडसायकल आणली. पुढे मुलगा, मागे बाप असे ते पाच-सहा रविवार कोरेझच्या आडरस्त्यांवरून हिंडले. मग रेजी नाँतला नोकरीसाठी गेला, आणि तिथे त्याला नोकरीशिवायही बरंच काही मिळालं. सायकल आणि बायको, म्हणजे सेव्हरीन, दोन्ही बापाच्या भरवशावर टाकून तो तिकडचाच झाला. सायकल कित्येक महिने गोठ्यात धूळ खात पडली. सेव्हरीन एकदा म्हाताऱ्याची औषधं द्यायला आली, तेव्हा तो त्या सायकलशेजारी स्टूल टाकून बसला होता आणि हाताने मागचं चाक फिरवून त्याचा आवाज ऐकत होता. "मी बसते पुढे," ती म्हणाली होती. तोवर तिने भाजी आणण्यापलीकडे सायकल चालवली नव्हती.

काडीमोड झाली. सून म्हणून ती लेओंसला पूर्वी 'पपा' म्हणायची. आता काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून 'पपा'च राहिलं.

गाव संपलं. मोठा रस्ता जेमतेम दोन वळणांपुरता वापरून तिने सायकल उजवीकडच्या अरुंद रस्त्यावर घातली. ह्या रस्त्यांवर रविवारी चिटपाखरू नसे. मधोमध गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं, आणि खाली पडलेली काटेरी बोंडं चाकाखाली फुटत होती. तांबड्या गाई कुंपणापाशी येऊन बघत उभ्या राहायच्या.

"डावीकडे वळण येईल. उतारावर माती असते, सांभाळ."

"माहितेय, पपा."

"माहितेय म्हणतेस आणि ब्रेक दाबतेस."

"माती आहे म्हणून दाबते."

"माती वळणानंतर आहे. आधीच दाबलास तर वेग जातो, पुढचा चढ जड जातो."

आठवडाभर वृद्धाश्रमात तिने म्हातारी माणसं उचलली होती, कुशीवर वळवली होती, त्यांना भरवलं होतं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. दोघीजणी आजारी म्हणून घरी होत्या, त्यांची कामंही तिच्याच गळ्यात आली होती. आणि रविवारी राहिलेला एक म्हातारा सायकलवरून फिरवून आणायचा. हा विचार अलीकडे दर रविवारी येई, आणि आला की ती पायडलवर उगाच जास्त जोर लावी.

बहीण ला रोशेलला होती. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात सेव्हरीनसाठी जागा बघितली होती. मुलांची ताटं उचलायची, पण निदान मुलं उचलायची नव्हती. सेव्हरीनने वृद्धाश्रमात राजीनामा दिला होता. महिनाअखेरीला निघायचं ठरलं होतं. हे सगळ्यांत आधी ज्याला सांगायला हवं होतं, तो तिच्या पाठीमागे वीतभर अंतरावर बसला होता, आणि त्याला सोडून सगळं ठरलं होतं. मागच्या रविवारी सांगणार होती. त्याच्या आधीच्याही. दर वेळी तो काहीतरी विनोद करी आणि वेळ निघून जाई. आज मात्र दफनभूमीच्या नळावर पाणी भरायला थांबू तेव्हा सांगायचं, असं तिने दात घासतानाच ठरवलं होतं. तिथे तो खाली उतरतो, भिंतीला टेकून उभा राहतो. समोरासमोर सांगता येईल. पाठमोरं सांगणं बरं नाही.

पण दफनभूमीपर्यंत ती पोचलीच नाही. जंगलाच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत होता. तिने सायकल थांबवली.

"पुढे नाही जाता येणार," तो म्हणाला. "खाली रानडुकरं उठवलीत. दोन्ही बाजूंना बंदुका आहेत."

"मार्सो," लेओंस मागून म्हणाला. "तूच ना? तुझ्या हातात बंदूक असेल तर डुकरांना काही भीती नाही. आमचं काय ते सांग."

"तुमचं तोंड आधी बंद करीन, लेओंस. उरलेलं डुकरांचं."

"मला दिसेनासं झालं तेव्हा माझं शिकारीचं लायसन्स काढून घेतलं. तुझं कसं काय ठेवलं त्यांनी?"

मार्सो खदाखदा हसला. मग सेव्हरीनकडे बघून त्याचा आवाज मवाळ झाला. "तुम्ही आपल्या मोरसालवरून वळून जा, बाई. थोडं लांब पडेल."

थोडं म्हणजे किती, हे सेव्हरीनला पक्कं ठाऊक होतं. मोरसालवरून परतायचं तर एक तर ओढ्याकाठच्या मोठ्या रस्त्याने, लाकडाच्या ट्रकांमधून; नाही तर ब्रेझूचा चढ चढून. तिने सायकल वळवली. पाय शिशासारखे झाले होते आणि अजून निम्मीही वाट झाली नव्हती.

"बरंच झालं," लेओंस म्हणाला. "युगेतकडे जाऊ. मला पांढऱ्या वाइनचा एक पेला, तुला कॉफी. तुला कॉफीची गरज आहे."

"मला झोपेची गरज आहे."

"ती युगेत विकत नाही."

युगेतचा कॅफे मोरसालच्या चर्चसमोर होता. आत तीन म्हातारे घोड्यांच्या शर्यतीचं पान पसरून बसले होते. युगेत साठीची, आवाजाने रस्ता ओलांडणारी बाई. तिची भाची सेव्हरीनच्याच वृद्धाश्रमात धुलाईखात्यात होती. एरवी सेव्हरीनला हे आठवलं असतं.

"या या! राजा-राणी आले!" युगेतने लेओंसला कोपरापाशी धरून खुर्चीपर्यंत नेलं. "अक्रोडाचा केक आहे, सकाळचाच. देऊ?"

"मोठा तुकडा दे. लहान दिसत नाही मला."

म्हाताऱ्यांपैकी एकजण हसला. सेव्हरीनने पाण्याच्या बाटल्या उचलल्या. "मी भरून आणते."

परसात दगडी डोणीवर नळ होता. भिंतीवर ऊन आलं होतं. तिने तोंडावर पाणी मारलं, दोन्ही बाटल्या भरल्या, झाकणं लावली. आतून कपबशांचा आणि युगेतचा आवाज येत होता. मिनिटभर टेकावं म्हणून ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली. भिंत उबदार होती. तिने डोकं भिंतीला लावलं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून डोणीपाशी गेलं होतं. मान आखडली होती. अंगावर लोकरीची जाड शाल होती; तिची नव्हती. ती धडपडून उठली.

आत आता शांतता होती. घोडेवाले म्हातारे जेवायला निघून गेले होते. युगेत काउंटरमागे कोरडे ग्लास पुन्हा पुसत होती. तिने वर पाहिलं नाही. लेओंससमोर केक तसाच होता, एका कोपऱ्यातून बोटाने चिवडलेला.

"का नाही उठवलंत?" सेव्हरीन म्हणाली.

"पाणी भरायला गेलीस आणि विहीरच खणायला घेतलीस म्हटलं," लेओंस म्हणाला. विनोद नेहमीचाच होता, पण तो सांगताना त्याने नेहमीसारखी मान तिच्याकडे वळवली नाही. "दमली होतीस. झोपू दे म्हटलं मीच."

"शाल तुमची का, युगेत? फार झोपले मी."

"असू दे गं. असू दे." युगेतने शाल घेतली आणि घडी घालायला लागली. घडी नीट जमेना. "कॉफी गरम करून देते. पैसे नकोत आज."

"का बरं?"

"नकोत म्हणते ना."

कॉफी पिऊन झाल्यावर ते बाहेर पडले. युगेत दारापर्यंत आली. लेओंस सायकलवर चढेपर्यंत ती तिथेच हात पुसत उभी राहिली, आणि एरवी चौकभर ओरडून निरोप देणारी ती आज नुसता हात हलवून आत गेली. सेव्हरीनला वाटलं, आपण परसात पसरलो त्याची तिला लाज वाटली असेल.

गावाबाहेर रस्ता सपाट होता. मक्याची शेतं वाळून करकरत होती. वळणं आली आणि गेली, लेओंसने एकाही वळणाची आठवण करून दिली नाही. सेव्हरीनने दोनदा घसा साफ केला. पाठमोरं तर पाठमोरं, असं मनाशी म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "सेव्हरीन. गुडघा."

"काय झालं? थांबू?"

"थांबू नको. आजचं नाही ते. उन्हाळ्यापासून आहे. उजवा."

"उन्हाळ्यापासून? आणि बोलला नाहीत?"

"तू ओरडली असतीस."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ती म्हणाली, सायकल बंद करा. बाईमाणसाने सांगितलं म्हणून मी दुर्लक्ष करत होतो. पण आता दुखतं. रात्रीचं फार दुखतं. तेव्हा म्हटलं, आजचा रविवार शेवटचा करू. हिवाळा लागलाच आहे. तशीही थंडीत तुझी मान धरते."

रस्ता सरळ होता, सेव्हरीनला मागे वळून बघता आलं असतं. पण जोडसायकलवर पुढच्याने मागे बघायचं नसतं. तिने समोरच पाहिलं.

"आणि सायकल?" तिने विचारलं.

"कोणीतरी नेईल. तरुण जोडपी हल्ली हौसेने घेतात म्हणे. भांडायला बरी पडते."

ती हसली नाही. तिच्या आत काहीतरी सैल पडलं होतं. सुटले, हा शब्द तिने मनातसुद्धा उच्चारला नाही, पण खांदे आपोआप खाली आले आणि हँडल हातात हलकं झालं. आता सांगणं किती सोपं होतं. सायकल तर बंदच होणार, मग मी इथे असले काय आणि तिथे असले काय. एवढ्या सहजपणे सगळं जुळून यावं ह्याचं तिला नवल वाटलं, आणि लगेच आपण त्याच्या दुखण्यावर खूश होतोय हे ध्यानात येऊन तिचे कान तापले.

"मग ब्रेझूवरून नको," ती म्हणाली. "खालच्या रस्त्याने जाऊ. ट्रक असले तर असोत. चढावर गुडघ्याची वाट लागेल."

"ब्रेझूवरूनच जाऊ."

"पपा—"

"शेवटचं आहे ना? मग ट्रकांचा धूर खात घरी नाही जायचं मला. हळूहळू जाऊ. तू ओढ, मी नुसता बसतो. घे गिअर हलका."

फाटा आला. तिने उजवीकडे हँडल वळवलं.

ब्रेझूचा चढ फार मोठा नव्हता, पण विसावा कुठेच नव्हता. जुन्या दगडी भिंतीला लगटून रस्ता चढत जाई, मग बीचच्या झाडांत शिरे, आणि तिथून पुढे नुसता उभा. सेव्हरीनने सगळ्यांत हलका गिअर टाकला. आपणच दोघांचं ओझं न्यायचं आहे, असं मनाशी बजावून ती दाबायला लागली. भिंत संपेपर्यंत जमलं. झाडांत शिरल्यावर श्वास तुटायला लागला. ओल्या पानांवरून चाक एकदा घसरलं. तिच्या मांड्यांत आग पेटली, कंबर बोलायला लागली, आणि डोळ्यांपुढे बारीक काजवे आले. उतरून ढकलत नेऊ असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण त्यासाठी लागणारा श्वासही तिच्यापाशी नव्हता. पाय आता फक्त पायडलवर ठेवलेले होते. त्यांच्यात जोर राहिला नव्हता.

सायकल चालत होती.

तिला कळायला थोडा वेळ लागला. जोडसायकलची दोन्ही पायडलं एकाच चेनने बांधलेली असतात. एक फिरलं की दुसरं फिरतंच. तिचे पाय फिरत होते, ते ती फिरवत नव्हती. मागून येणारा जोर चेनमधून तिच्या तळव्यांपर्यंत पोचत होता. डावा, उजवा, डावा, उजवा. एकसारखा, न अडखळता. उजव्या पायाचा तर डाव्याहून जास्तच, कारण लेओंस उजव्या पायाचा होता, तरुणपणी शर्यतींत तो त्याच पायावर जिंकायचा हे त्याने तिला शंभरदा सांगितलं होतं. इतका जोर त्याने कधी लावला नव्हता. आजवर तो मागे बसून सूचना देत निम्मी ताकद राखून ठेवत होता की काय, असं वाटण्याइतका.

तिने आपले पाय मुद्दाम पूर्ण सैल सोडले. सायकल जराशी हळू झाली, पण थांबली नाही. मागून श्वासांचा आवाज येत होता, खोल, घोगरा.

तेव्हा तिला युगेतची भाची आठवली. ग्लास पुन्हा पुन्हा पुसणारे हात आठवले. तो न खाल्लेला केक, "पैसे नकोत आज." ती परसात भिंतीला डोकं टेकून झोपली होती, तेवढ्या वेळात आत तिच्या राजीनाम्याबद्दल काय बोलणं झालं असेल, ते तिला शब्द न् शब्द ऐकू आल्यासारखं झालं. आणि मग लेओंसनेच सांगितलं असेल, उठवू नका तिला.

झाडं संपली. रस्ता आडवा झाला. वर वारा होता. सेव्हरीनने ब्रेक दाबले आणि पाय टेकले. दोघंही बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले. खाली दरीतलं धुकं विरलं होतं, गावाची स्लेटची छपरं चकाकत होती. लांबवर कुठेतरी बंदुकीचा एक बार झाला आणि कुत्री भुंकली.

"हुश्श," लेओंस म्हणाला. आणि मग, थोडं उशिरा, "गुडघा फार वाजतोय."

"हो," ती म्हणाली. "ऐकू आला मला."

ती पुढच्या सीटवरून उतरली. एका हाताने सायकल धरून मागे वळली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, घाम हनुवटीवरून ठिबकत होता. त्याने मान किंचित वळवली, म्हणजे डोळ्याच्या कडेतून ती दिसावी.

"पपा, मी महिनाअखेरीला जातेय. ला रोशेलला, बहिणीकडे. कायमची."

"अरे वा," तो म्हणाला. भुवया त्याने वर नेल्या, पण जरा जास्तच वर गेल्या, आणि परत कधी खाली आणायच्या ते त्याला कळेना. "कधी ठरलं? मला काहीच पत्ता नाही."

"सांगायला हवं होतं आधी."

"आत्ता सांगितलंस की." त्याने हातमोज्याने तोंड पुसलं, पुसतच राहिला. "समुद्रापाशी सगळं सपाट असतं. कंबरेला बरं तुझ्या. काम काय?"

"शाळेत. स्वयंपाकघरात."

"मटण कुठून घेतात ते बघ. शाळांना काहीही खपवतात."

"बघेन."

वारा पानं उडवत दोघांच्या मधून गेला. तिने त्याच्या हेल्मेटचा सुटलेला पट्टा लावला. हे ती वृद्धाश्रमात दिवसातून कितीदा कुणाकुणाचं करायची.

"तुमच्या गुडघ्याचं—"

"माझा गुडघा माझ्यापाशी राहू दे," तो घाईने म्हणाला. "दुखतो म्हणजे दुखतो. चल. जेवायची वेळ झाली, पोटात कावळे ओरडतायत."

ती पुढे जाऊन बसली. ब्रेक धरले. खाली उतार होता, गावापर्यंत आता एकदाही पाय मारावा लागणार नव्हता. मागून बूट अडकल्याचे आवाज आले. "हाकल" असं मात्र तो म्हणाला नाही. ती थांबून राहिली, आणि समोर बघतच म्हणाली,

"पपा, पुढच्या रविवारी मी इथेच आहे. त्याच्या पुढच्याही."

तिच्या पायापाशी पायडल मागून किंचित फिरलं.

"बरं," लेओंस म्हणाला. "गुडघ्याला विचारून बघतो."